हिरवळीचे चित्र आणि तळ्याची पाळ : घडवलेल्या निसर्गाची गोष्ट

१/ गोंदिया जिल्ह्यातील इटियाडोह धरणाचे छायाचित्र पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत दिसते ते असे : समोर गवताने मढलेला उतार, त्यापलीकडे स्थिर पाणी, पाण्याच्या कडेने वनराजी आणि शेवटी निळसर डोंगरांची रेघ. माणूस सहसा नसतो. असलाच तर ठिपक्याएवढा. जगभरच्या गोल्फ मैदानांची चित्रे आणि छायाचित्रे नेमकी याच मांडणीची असतात. हे साम्य योगायोगाचे नाही. त्यामागे सुमारे तीन शतकांचा इतिहास आहे आणि तो समजला, की आपल्या तळ्यांकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

२/ आधी स्थळाची ओळख. इटियाडोह हे अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीवर बांधलेले मातीचे धरण. गाढवी ही वैनगंगेची उपनदी. धरण १९७० च्या सुमारास पूर्ण झाले, तेव्हा हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता; गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. धरणाची उंची सुमारे ३० मीटर, लांबी सुमारे अर्धा किलोमीटर. ‘डोह’ म्हणजे नदीच्या पात्रातील खोल, संथ जागा. नदी जलाशयात बुडाली, तरी धरणाच्या नावात ती शिल्लक आहे.

३/ छायाचित्रात जे ‘निसर्गसौंदर्य’ म्हणून दिसते, त्यातले पाणी अडवलेले आहे, उतार रचलेला आहे आणि काठही माणसाने ठरवलेला आहे. असे असूनही पाहणारा त्याला सहज निसर्ग म्हणतो. घडवलेली भूमी नैसर्गिक भासावी, ही कला कोठून आली? तिचा माग काढण्यासाठी प्रथम इंग्लंड-स्कॉटलंडकडे जावे लागते.

४/ अठराव्या शतकात इंग्लंडमधील सुशिक्षित वर्गाला एक नवे वेड लागले : देखावा ‘चित्रासारखा’ दिसला पाहिजे. विल्यम गिल्पिन या धर्मोपदेशकाने वाय नदीच्या प्रवासाचे पुस्तक १७८२ मध्ये प्रसिद्ध केले आणि निसर्ग कसा पाहावा याचे जणू नियमच घालून दिले. अग्रभूमी खडबडीत व गडद, मध्यभूमीत पाणी, पार्श्वभूमीत धूसर डोंगर, दोन्ही बाजूंना झाडांची चौकट. प्रवासी गडद रंगाचा छोटा बहिर्गोल आरसा बाळगत, देखाव्याकडे पाठ करून उभे राहत आणि आरशातले ‘चित्र’ पाहत. आजचा पर्यटक पाण्याकडे पाठ करून मोबाइलच्या पडद्यात स्वतःमागचा जलाशय पाहतो, तेव्हा तो या जुन्या सवयीच्या फार दूर गेलेला नसतो.

५/ श्रीमंत जमीनदारांनी पुढचे पाऊल टाकले. देखावा चित्रासारखा नसेल, तर जमीनच बदलायची! ‘केपेबिलिटी’ या टोपणनावाने प्रसिद्ध असलेला उद्यानरचनाकार लान्सलॉट ब्राऊन याने ब्लेनहाइम राजवाड्यासमोर १७६० च्या दशकात ग्लाइम नावाची छोटी नदी अडवून विस्तीर्ण तलाव केला. काठ मुद्दाम वळणदार ठेवले, झाडांचे पुंजके ‘सहज उगवल्यासारखे’ लावले. आजही अनेक पाहुण्यांना तो तलाव मूळचाच वाटतो. म्हणजे ज्या दृश्याला इंग्रजी निसर्गाचा नमुना मानले गेले, त्याच्या पोटात एक बांध होता.

६/ गोल्फचे मूळ मैदान मात्र कोणी घडवलेले नव्हते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा पट्टा असतो. त्याला ‘लिंक्स’ म्हणतात. ही जमीन पिकासाठी निरुपयोगी. तिच्यावर मेंढ्या चरत, त्यामुळे गवत आखूड राही. वाऱ्याने आणि जनावरांनी उकरलेले वाळूचे खड्डे होतेच. खेळणाऱ्यांनी त्या जमिनीला आपला खेळ जुळवून घेतला. त्याच्याशी साम्य असलेला ‘कोल्फ’ हा खेळ डच लोक गोठलेल्या कालव्यांवरही खेळत; सतराव्या शतकाच्या आरंभीच्या हेंड्रिक आव्हरकाम्प याच्या हिवाळी चित्रांत तो दिसतो. तेथे खेळाडू बाजारहाट करणाऱ्या, घसरून पडणाऱ्या, लाकूडफाटा वाहणाऱ्या गर्दीतलाच एक असतो.

७/ गोल्फच्या भूमीचे एक फार जुने चित्र पॉल सँडबी या इंग्रज चित्रकाराचे आहे. एडिंबराजवळच्या ब्रंट्सफील्ड मैदानावरचे खेळाडू आणि मागे डोंगरावरचा किल्ला, असे ते १७४६ चे जलरंगचित्र. त्या वर्षाचा संदर्भ महत्त्वाचा आहे. १७४६ च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या लढाईत स्कॉटलंडमधील बंड मोडले गेले आणि त्यानंतर ब्रिटिश लष्कराने त्या प्रदेशाची पद्धतशीर मोजणी हाती घेतली. त्या मोजणीच्या कामावर सँडबी नकाशे रेखाटणारा होता. जिंकलेली भूमी मोजणारा हात आणि तिचे शांत, रम्य चित्र काढणारा हात एकच होता. हिंदुस्थानात पुढे हेच घडले. रेखाटन हे कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याच्या शिक्षणाचा भाग होते. दिवसा त्याने किल्ल्याचा नकाशा करावा आणि सायंकाळी त्याच किल्ल्याचे जलरंगचित्र.

८/ सुमारे शंभर वर्षांनी, १८४७ मध्ये चार्ल्स लीस याने ‘द गोल्फर्स’ हे मोठे तैलचित्र पूर्ण केले. सेंट अँड्र्यूज येथील सामना, चेंडू छिद्राच्या अगदी जवळ, भोवती पन्नासहून अधिक माणसे वाकून पाहत आहेत. त्यांत सरदार-दरकदार आहेत, काठ्या वाहणारी पोरे आहेत आणि पेय विकणारी मुलगीही आहे. या चित्रासाठी लीसने डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल आणि रॉबर्ट ॲडमसन या जोडीच्या छायाचित्रांची मदत घेतली. छायाचित्रण तेव्हा बाल्यावस्थेत होते. गोल्फच्या दृश्यकलेत कुंचला आणि कॅमेरा असे आरंभापासून बरोबर चालले.

९/ मग खेळ किनारा सोडून आत सरकला. रेल्वे आली, शहरे वाढली, मध्यमवर्गाला खेळायला जागा हवी होती. पण आतल्या प्रदेशात वाळूच्या टेकड्या नव्हत्या. तेव्हा त्या कृत्रिमरीत्या उभारणे सुरू झाले. एक नवा व्यवसाय जन्मला : गोल्फ मैदानांचा रचनाकार. त्यातला एक अग्रगण्य म्हणजे ॲलिस्टर मॅकेंझी. तो मूळचा डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात त्याने पाहिले, की बोअर सैनिक आपले खंदक भूमीच्या रूपात असे बेमालूम मिसळतात की समोरून काहीच दिसत नाही. पुढे तो लष्करासाठी छद्मावरणाचा, म्हणजे दडवण्याच्या विद्येचा, तज्ज्ञ झाला.

१०/ हीच विद्या मॅकेंझीने मैदानांत उतरवली. १९२० च्या त्याच्या ‘गोल्फ आर्किटेक्चर’ या पुस्तकातले एक मुख्य सूत्र असे, की मैदानावरची कृत्रिम वैशिष्ट्ये इतकी नैसर्गिक दिसावीत की ती निसर्गाहून वेगळी ओळखू येऊ नयेत. अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल हे मैदान त्याने बॉबी जोन्सच्या साथीने रचले. ते १९३३ मध्ये खुले झाले आणि आज जगात सर्वाधिक छायाचित्रित मैदानांमध्ये गणले जाते. युद्धात शत्रूपासून खंदक लपवणारी युक्ती शांततेच्या काळात पाहुण्यापासून मजुराचे फावडे लपवू लागली.

११/ चित्रकारांनीही हे नवे मैदान आपलेसे केले. जॉन लेव्हरी या चित्रकाराचे नॉर्थ बेरिक येथील मैदानाचे १९२२ चे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे : उंचावरून पाहिलेली हिरवळ, समुद्र, त्यात उठलेली बेटे आणि खेळाडू लहानसे. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांनी अशीच दृश्ये भित्तिपत्रकांवर छापून सुटीची तिकिटे विकली. लीसच्या चित्रात माणसांची गर्दी होती आणि भूमी जेमतेम दिसत होती. लेव्हरीपर्यंत येता येता भूमी नायिका झाली आणि माणूस केवळ प्रमाण दाखवणारी खूण.

१२/ छायाचित्रकारांचे तंत्र येथे जाणून घेण्याजोगे आहे. भर दुपारी काढलेल्या छायाचित्रात गोल्फचे मैदान सपाट, निर्जीव चादरीसारखे दिसते. म्हणून छायाचित्रकार सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास निवडतो. सूर्य क्षितिजालगत असला, की जमिनीच्या प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते आणि रचनाकाराने मातीत घडवलेले चढउतार उठून दिसतात. त्याच तासाला दव असते, धुके असते आणि मैदानावर माणूस नसतो. गवत कापणारे, वाळू सारखी करणारे, पाणी देणारे यांचे काम एक तर उरकलेले असते, नाही तर चौकटीबाहेर चाललेले असते.

१३/ हा खेळ हिंदुस्थानात फार लवकर आला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा; ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना. मुंबईतला क्लब १८४२ चा, म्हणजे लीसचे चित्र पूर्ण होण्याच्या पाच वर्षे आधीचा. पण येथे भूमीने साथ दिली नाही. दख्खनच्या आणि मध्य हिंदुस्थानच्या उन्हात आठ महिने हिरवळ टिकेना. तेव्हा छिद्राभोवतीची जागा गवताऐवजी तेल मिसळलेल्या वाळूने चोपून सपाट केली जाई. इंग्रजीत त्या जागेला एरवी ‘ग्रीन’ म्हणतात. इथले साहेब तिला प्रामाणिकपणे ‘ब्राऊन’ म्हणत.

१४/ नाशिकमध्ये या इतिहासाची खूण एका नावात उरली आहे. शहराच्या मध्यभागी जे मोठे मैदान आहे, त्याला आजही लोक ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात. त्याचे अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या आणि एप्रिल १९१० मध्ये ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. साहेबांच्या करमणुकीचे नाव आणि साहेबी सत्तेविरुद्ध प्राण देणाऱ्या तरुणाचे नाव, दोन्ही एकाच जमिनीवर नांदतात.

१५/ असे असूनही मराठी चित्रकलेत गोल्फचे मैदान हा विषय रुजला नाही. पहिले कारण उघड आहे : दार बंद होते. वसाहतकाळातील बहुतेक क्लब गोऱ्यांचे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या नावाचा क्लब १९१८ च्या सुमारास सुरू झाला आणि त्यात हिंदी लोकांना प्रवेश होता, हीच तेव्हा मोठी बातमी होती. तेथेही जाणारे कोण, तर संस्थानिक, गिरणीमालक, बॅरिस्टर. रंगपेटी घेऊन हिंडणाऱ्या सामान्य घरच्या चित्रकाराला ती हिरवळ बहुधा कुंपणाबाहेरूनच दिसणार.

१६/ दुसरे कारण अधिक खोल आहे. मुंबईत सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून युरोपीय पद्धतीचे निसर्गचित्रण मराठी चित्रकारांच्या हाती आले. पण त्यांनी त्या तंत्राने काय रंगवले, ते पाहावे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे याच शाळेत शिकले, पुढे शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि १९३१ मध्ये वारले. त्यांच्या निसर्गचित्रांत कोल्हापूरचा परिसर आहे, कोटितीर्थासारखी तळी आहेत. नाशिकच्या चित्रकारांची ओळख गोदाघाटाच्या जलरंगचित्रांनी झाली. मराठी निसर्गचित्रात पाण्याचा काठ आला तो पायऱ्यांसह, देवळासह, धुणे धुणाऱ्या बायांसह.

१७/ छायाचित्रणाची कथाही अशीच. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी होते. लेणी, देवळे, किल्ले आणि ‘जाती-जमातींचे नमुने’ हे त्या काळच्या कॅमेऱ्याचे आवडते विषय. शेतीची भूमी, विशेषतः पाणी साठवण्यासाठी माणसाने घडवलेली भूमी, कोणाला चित्रविषय वाटली नाही. आणि अशी भूमी महाराष्ट्रात सर्वांत भव्य प्रमाणात होती ती पूर्व विदर्भात.

१८/ येथे कथा पुन्हा इटियाडोहच्या परिसरात येते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा तळ्यांचा मुलूख. गोंड राजांच्या काळात आणि त्यानंतर येथे कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो तलाव बांधले. त्यांची पद्धत भूमी वाचण्याची होती. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा हेरायची, पावसाचे पाणी कोणत्या बाजूने येते ते पाहायचे आणि तेवढ्याच भागात मातीची ‘पाळ’ घालायची. उरलेला काठ डोंगराने आपोआप पुरवायचा. पाणी खाली पाटाने भाताच्या बांध्यांत आणि उसाला जाई. वरच्या तलावाचे जास्तीचे पाणी खालच्या बोडीत उतरे, तेथून पुढच्या शेतात.

१९/ मॅकेंझीने मैदाने रचण्याच्या दोनशे वर्षे आधीची ही भूरचना. तिच्यातही भूमीचा मूळ आकार ओळखून त्यात कमीत कमी फेरफार करण्याचे तेच शहाणपण आहे. हेतू मात्र निराळा. कोहळ्याला निसर्गाचा आभास निर्माण करायचा नव्हता, भात पिकवायचा होता. तरी परिणाम असा झाला की झाडे वाढली, पाणपक्षी आले, आणि काही पिढ्यांनी ते तलाव डोंगरांइतकेच मूळचे वाटू लागले.

२०/ याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इटियाडोहच्या जवळच आहे : नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी याने हा तलाव बांधल्याचे सांगितले जाते. पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर. भोवतीच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. बांधणाऱ्याचे तैलचित्र कोणी काढले नाही, पुतळाही उभारला नाही. लोकांनी त्याला देव केले. तलावाच्या काठी ‘कोलासूर’ म्हणून त्याची पूजा होऊ लागली. युरोपने उद्यानरचनाकाराची आठवण चित्रसंग्रहालयात ठेवली, झाडीपट्टीने ती पाळीवरच्या ठाण्यात ठेवली.

२१/ इंग्रजी राजवटीने कोहळ्यांची नोंद घेतली, पण शब्दांत. आर. व्ही. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांच्या ग्रंथात तलाव बांधणारी आणि ऊस पिकवणारी जात म्हणून कोहळ्यांचे वर्णन आहे. मराठीत या भूमीला खरे चित्रकार लाभले ते लेखणीचे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकाने तो परिसर महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवला. येथील अरण्याला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

२२/ आता प्रश्न असा, की तलाव ‘बांधलेला’ आहे हे विसरल्याने बिघडते काय? उत्तर कठोर आहे. बांधलेली वस्तू सांभाळावी लागते. मालगुजारीच्या काळात तलावाची देखभाल मालगुजार आणि गावकरी यांच्या व्यवस्थेत होई. पाळीवर माती चढे, गाळ निघे, पाट साफ होत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव सरकारजमा झाले. जुलमी पद्धत गेली हे योग्यच झाले; पण तिच्याबरोबर देखभालीची घडीही विस्कटली. आज हे तलाव ‘माजी मालगुजारी तलाव’, सुटसुटीतपणे ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात आणि त्यांतले कित्येक गाळाने उथळ झाले आहेत.

२३/ गोल्फच्या हिरवळीला असा विस्मृतीचा धोका नसतो. तिथला निसर्गाचा आभास टिकवण्यासाठी रोज माणसे राबतात, आणि मालकाला त्याचा खर्च पक्का ठाऊक असतो. गावतळ्याचे उलटे झाले. त्याला सगळ्यांनी निसर्ग मानले. आणि निसर्ग म्हटला, की दुरुस्तीची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. छायाचित्रात गाळ दिसत नाही. बेशरमीची झुडपे दुरून हिरवीगार आणि जांभळ्या फुलांची, म्हणून सुंदरच दिसतात. प्रत्यक्षात ती तळ्याचा काठ गिळत असतात.

२४/ इटियाडोह हा याच परंपरेचा विसाव्या शतकातला टप्पा. कोहळ्याच्या जागी राज्याचा अभियंता आला, फावड्याबरोबर यंत्र आले. पण मातीची पाळ घालून डोंगरांच्या मदतीने पाणी अडवण्याची कल्पना तीच. या पाण्यावर अर्जुनी मोरगावबरोबर भंडाऱ्यातील लाखांदूर आणि गडचिरोलीतील वडसा, आरमोरी या भागांतले धान उभे राहते. म्हणजे धरणाचे खरे ‘चित्र’ पाळीवरून दिसतच नाही. ते कित्येक किलोमीटर दूर, पाटाच्या शेवटच्या टोकाला, रोवणीच्या चिखलात असते. आणि दुसरे एक चित्र पाण्याखाली असते : जलाशय भरण्यापूर्वीची नदीकाठची जमीन आणि वाटा.

२५/ चौकटीबाहेरची आणखी एक कथा याच परिसरात आहे. गोठणगाव-प्रतापगडजवळ ‘नोर्ग्येलिंग’ ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७० च्या दशकाच्या आरंभी वसली. बर्फाळ पठारावरून आलेल्या माणसांनी धानाच्या, उन्हाच्या मुलखात घरे बांधली, शेती केली, मठ उभारला. इटियाडोहला येणारा पर्यटक तेथील प्रार्थना-पताकांची रंगीत छायाचित्रे हमखास घेऊन जातो. पताका सुंदर आहेतच. परंतु त्यांच्यामागे देश गमावून नवी भूमी घडवणाऱ्या एका पिढीचे कष्ट आहेत.

२६/ तेव्हा कोणत्याही निसर्गचित्राकडे किंवा छायाचित्राकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने काही साधे प्रश्न घेऊन जावे. हे पाणी येथे कोणी थांबवले? गवत आखूड कोणी ठेवले? चित्रकार कोठे उभा आहे आणि तेथे उभे राहण्याचा अधिकार त्याला कसा मिळाला? प्रहर कोणता निवडला आणि त्या प्रहरी कोण हजर नसते? चौकट अर्धा हात डावीकडे सरकवली असती, तर काय दिसले असते? सँडबीच्या जलरंगांना, ऑगस्टाच्या रंगीत छायाचित्रांना आणि इटियाडोहच्या मोबाइलवरील छायाचित्राला हेच प्रश्न सारख्याच उपयोगाचे आहेत.

२७/ या प्रश्नांची उत्तरे शोधणारे लोक अर्जुनी मोरगाव भागातच आहेत. मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांनी अलीकडच्या काळात काही तलावांतली बेशरम उपटली, तळाची मशागत केली आणि जुन्या माणसांच्या स्मरणातून ओळखलेल्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. माशांना अन्न आणि आसरा मिळाला, पक्षीही परतू लागले. तलाव ही बांधलेली, म्हणून जपावी लागणारी वस्तू आहे, हे त्यांना पोटाच्या अनुभवातून ठाऊक होते.

२८/ गोंदियाच्या धानशेतीत सारस पक्षी आढळतात. महाराष्ट्रात त्यांचे हे अखेरचे मोठे आश्रयस्थान. छायाचित्रकार पहाटे त्यांच्यासाठी दबा धरून बसतात. जोडीने उभे असलेले सारस, खाली पाण्याचा आरसा, मागे धुके, असे ते छायाचित्र. त्यातले पाणी बांधीतले असते. बांधीत ते पाटाने येते, पाटात तलावातून, आणि तलावात ते थांबते कोणीतरी घातलेल्या आणि कोणीतरी राखलेल्या पाळीमुळे. यापुढे असे छायाचित्र समोर आले, तर पक्ष्यांनंतर नजर त्या पाण्याच्या काठाकडे न्यावी आणि पाळ शोधावी.